उतरलेली झडप आणि काचेखालच्या चिपा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय कसा भारदस्त हवा. ‘स्त्री आणि समाज’, ‘मातेचे कर्तव्य’ असे काहीतरी. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘खिडकी’ म्हटले, आणि त्यांनी वहीत ‘खिडकी : एक चिंतन’ असे लिहून घेतले. म्हणून आधीच सांगून टाकते, की येथे चिंतन वगैरे काही नाही. भिंतीत बसवलेली, उघडण्या-मिटण्याची, धूळ पुसण्याची जी खिडकी, तिच्याचविषयी मी बोलणार आहे. तीही प्लास्टिकची, जिला दुकानदार ‘यूपीव्हीसी’ म्हणतात ती. ही खिडकी तीन-चार वर्षांनी उतरते, खाली घासू लागते, कडी लागत नाही, आणि मग आपल्याला सांगण्यात येते की बाई, ही गेली, आता नवी घ्या. ती गेलेली नसते. एवढेच मला आज सांगायचे आहे. पण ते पटवून द्यायचे तर थोडा वेळ लागेल.

आपल्या नागऱ्यात कवेलूंची घरे जाऊन स्लॅबची घरे झाली, तशा सागवानी खिडक्याही गेल्या. सागवान आता परवडत नाही, आणि साध्या लाकडाचे वाळवी काय करते हे या भागात कोणाला सांगायला नको. म्हणून गोंदियाहून पांढऱ्या खिडक्या आल्या. दिसायला सागवान ते सागवानच, असे माझे मत आहे. पण या खिडक्यांना वाळवी नाही, रंग नाही, पावसात फुगणे नाही. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. जर्मनीत १९५० नंतरच्या दशकात त्या प्रथम निघाल्या आणि तिकडच्या थंडीत पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. आपल्याकडे त्या लवकर उतरतात याला दोन कारणे आहेत. एक आपले ऊन, आणि दुसरे बसवणाऱ्याची घाई.

जुनी लाकडी झडप उतरली की काय करायचे, हे आपल्या आयांना ठाऊक होते. वाढई येई, बिजागरीचे स्क्रू काढी, मागे पुठ्ठ्याची घडी घाली आणि पुन्हा आवळी. फारच घासत असेल तर खालून रंधा मारी. हीच दोन औषधे आपण नव्या खिडकीला लावू पाहतो आणि तेथेच फसतो. कारण लाकडी झडपेचा सांधा म्हणजे कूस आणि साल; लाकूड लाकडात घुसलेले असते, त्यामुळे ती झडप स्वतःच्या अंगावर उभी असते. प्लास्टिकची झडप तशी नाही. तिच्या चार बाजू आतून पोकळ नळ्या आहेत. त्यांत पोलादी पट्टी सरकवलेली असते आणि चारी कोपरे नुसते तापवून चिकटवलेले असतात. ती तिच्या अंगावर उभी नसते. मग कशावर उभी असते?

मी येताना दोन वस्तू आणल्या आहेत. ही एक पाटी, दगडी, लाकडी चौकटीची. आणि ही दुसरी नुसती चौकट. हिची पाटी कधीच फुटली, चौकट माळ्यावर पडून होती. या रिकाम्या चौकटीचा एक कोपरा मी दाबते. पाहा, कशी तिरकी झाली! चौकोनाची शंकरपाळी झाली. आता या धड पाटीचा कोपरा दाबते. हलत नाही. लाकूड तेच, चौकट तशीच. फरक इतकाच की हिच्या पोटात दगड घट्ट बसलेला आहे. चौकट पाटीला धरते असे आपण समजतो. खरे पाहता पाटी चौकटीला धरते.

खिडकीची काच ही त्या पाटीसारखी आहे. काच म्हणजे उजेडासाठी ठेवलेले भोक बुजवण्याची वस्तू नव्हे. झडपेचा कणा तोच आहे. मात्र काच चौकटीला अगदी भिडवून बसवता येत नाही, चहूकडे तीन-चार मिलिमीटर फट ठेवावी लागते. त्या फटीत ठरावीक जागी प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या घालतात. मिस्त्री लोक त्यांना ‘पॅकर’ म्हणतात. गवंडी दगडांच्या सांध्यात चिपा भरतो ना, तशाच या काचेच्या चिपा. एक मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जाडीच्या असतात, आणि जाडी ओळखावी म्हणून बहुधा प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. जुन्या हेमाडपंती देवळांचे दगड चुन्यावाचून एकमेकांवर भार टाकून उभे राहिले. भार कोठून कोठे जातो हे बांधणाऱ्याला पक्के कळले होते. येथेही प्रश्न भाराचाच आहे.

भार किती, तेही ऐका. काच एक मिलिमीटर जाड आणि एक चौरस मीटर असेल तर तिचे वजन अडीच किलो भरते. दोन फूट रुंद, चार फूट उंच झडपेत पाच मिलिमीटरची काच असेल तर नऊ किलोंच्या वर जाते, आणि दुहेरी काच असेल तर अठराच्या वर. दहा किलो तांदळाची पिशवी हात लांब करून धरून पाहा, म्हणजे बिजागरीला काय वाटत असेल ते कळेल. आता ही काच झडपेत नुसती खाली टेकवून ठेवली, तर भार खालच्या पट्टीवर मधोमध येतो, आणि कडीकडची बाजू हळूहळू खाली बसते. पण चिपा नेमक्या जागी असतील तर भार सरळ बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात उतरतो.

या नेमक्या जागा दोन. एक, बिजागरीकडचा खालचा कोपरा. दुसरी, त्याच्या अगदी तिरप्या समोरचा, म्हणजे कडीकडचा वरचा कोपरा. इंग्लंडातले कारागीर याला ‘टाच आणि चवडा’ म्हणतात. काच बिजागरीच्या पायथ्याशी टाच रोवते, आणि चवड्याने कडीकडची वरची बाजू उचलून धरते. वाडीच्या लाकडी फाटकाला तिरपी फळी ठोकलेली तुम्ही पाहिली असेल. ती खालच्या बिजागरीपासून निघून कडीच्या माथ्याला जाते. उलट ठोकली तर फाटक महिन्याभरात जमिनीला टेकते. (तीच तार किंवा सळई असेल तर मात्र उलट, वरच्या बिजागरीपासून कडीच्या पायथ्याला बांधावी, कारण फळी रेटते आणि तार ओढते.) काच ही रेटणारी आहे. म्हणून टाच खाली, बिजागरीशी.

मग चिपा घातलेल्या असूनही खिडकी का उतरते? येथे आपले ऊन येते. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पौषातल्या पहाटे तो दहाच्या आसपास असतो. हे प्लास्टिक एका मीटरला, एका अंशाला, मिलिमीटरचा सुमारे सात शतांश भाग वाढते. चार फुटांच्या पट्टीला तीस अंशांचा फरक पडला तर अडीच मिलिमीटर झाले. काच तितक्याच उष्णतेने एक तृतीयांश मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे उन्हाळ्यात चौकट काचेपासून दूर सरते, चिपा सैल पडतात. त्यात कोणी झडप आपटली की चीप जागची हलते आणि खाली घरंगळते. गडद तपकिरी, लाकडासारख्या रंगाच्या खिडक्या पांढऱ्यांपेक्षा जास्त तापतात, हेही घेताना ध्यानात ठेवावे. मुले झडपेला लोंबकळतात ते वेगळेच. आणि पुष्कळ ठिकाणी बसवणाऱ्याने चिपा फक्त खालीच दोन घातलेल्या असतात, जणू काच म्हणजे फळीवर ठेवलेली बरणी. तेथे उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या आळीत एक मावशी आहेत. नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत आणि आत्तापासूनच डोळे वटारताहेत. त्यांची मुलगी भिलाईला असते. तिचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावले होते, तेव्हा माहेरी येणे शक्य नव्हते. आईनेच जायचे होते. आणि मावशींच्या मागच्या खोलीची खिडकी, परसाकडची, लागत नव्हती. खाली घासे, वर बोटभर फट राही, कडीचे तोंड आपल्या खाचेपर्यंत पोचतच नसे. मावशी एकट्या राहतात. रात्री त्या खिडकीला आतून पाटा टेकवून निजत. पण दीड महिना घर बंद ठेवून जायचे ते कसे? आत धानाची पोती, भांडीकुंडी, आणि परसाकडून कोणीही यावे.

एकाने येऊन पाहिले आणि सांगितले, “चौकट वाकली मावशी, सगळीच बदलावी लागंल.” सांगितलेली किंमत ऐकून मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. दुसरा म्हणाला, “खालून तासून देतो, मंग बसंल.” मी तेथे होते म्हणून बरे. पोकळ नळी तासली की आतले कप्पे उघडे पडतात, पाणी शिरते, पोलादी पट्टी गंजते; आणि रोग जेथल्या तेथे. तासलेली झडप पुढच्या वर्षी आणखी उतरणारच. मुलीकडून रोज फोन, “आई, तू केव्हा येतेस?” मावशी म्हणत, “येते गं, खिडकीचे होऊ दे.” खिडकीपायी बाळंतीण वाट पाहते, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

माझा भाचा नागपुरास खिडक्यांच्या कारखान्यात काम करतो. तो त्या रविवारी आला होता. त्याला घेऊन गेलो तर त्याने खिडकीला हात लावला नाही, म्हणाला, “आत्या, तुम्हीच करा, मी सांगतो.” तेव्हा जे केले ते तुम्हांला क्रमाने सांगते.

प्रथम पाहणे. झडप उघडून कडीकडच्या बाजूला खालून तळहात लावून हलकेच उचलायची, आणि नजर बिजागरीवर ठेवायची. बिजागरीच हलत असेल, स्क्रू सैल असतील, किंवा ती कात्रीसारखी पोलादी पट्टी झिजली असेल, तर दुखणे तेथे आहे. आधी स्क्रू आवळा, किंवा ती पट्टी नवी घ्या, थोडक्यात काम होते. बिजागरी घट्ट असूनही झडप तिरकी असेल, तर दुखणे काचेखाली. पडताळा पाहायला दोरी पुरते. झडपेच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या रेघा मोजायच्या. मावशींच्या झडपेत बिजागरीच्या पायथ्यापासून कडीच्या माथ्यापर्यंतची रेघ दुसरीपेक्षा चांगली नखभर तोकडी निघाली. भाचा म्हणाला, झाले, निदान झाले.

मग काचेभोवतालच्या बारीक पट्ट्या, ज्यांना बीडिंग म्हणतात, त्या काढायच्या. त्या बहुधा घराच्या आतल्या बाजूने असतात. लांब पट्टीपासून, आणि तिच्या मध्यापासून सुरुवात करायची. कोपऱ्यापासून कधीही नाही. पुट्टी लावण्याची बोथट पत्र्याची पट्टी सांध्यात घालून हलके पिळले की बीडिंग मध्ये वाकते आणि ‘टक्’ करून सुटते. सिलिकॉनने चिकटवली असेल तर आधी ते पातळ पात्याने चिरावे. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने खूण करा, वरची, खालची, डावी, उजवी. नाहीतर लावताना भावाभावांचे भांडण होते. वरची पट्टी सगळ्यांत शेवटी काढायची, आणि ती काढताना दुसऱ्या बाईचे दोन्ही तळहात काचेवर हवेत. हे काम एकटीचे नाही. हातात जाड मोजे, पायात बंद चपला, आणि मुले खोलीबाहेर. येथे मी गंमत करीत नाही.

पट्ट्या निघाल्यावर मावशींच्या खिडकीत काय दिसले? खाली दोन चिपा, त्याही सरकून कडीकडे एकमेकींशेजारी बसलेल्या. वरच्या कोपऱ्यात काहीच नाही. बिजागरीकडच्या बाजूला माचिसच्या काडीइतका लाकडाचा तुकडा, काळा पडलेला. एवढ्यावर ती काच चार वर्षे उभी होती. खिडकी उतरली याचे नव्हे, इतके दिवस उतरली नाही याचेच मला नवल वाटले.

काच पूर्ण बाहेर काढावी लागत नाही. लाकडाची चपटी पट्टी तिच्याखाली घालून उलथन्यासारखी दाबली की काच केसभर उचलते, तेवढ्यात चीप सरकवायची. बिजागरीच्या पायथ्याशी, कोपऱ्यापासून चार बोटांवर, एक काचेखाली आणि एक काचेच्या बाजूला. मग कडीच्या माथ्याशी, तितक्याच अंतरावर, एक बाजूला आणि एक वर. येथे हळूहळू जाडी वाढवायची. आधी दोन मिलिमीटरची, मग तीनची. प्रत्येक वेळी झडप मिटून पाहायची. तिसऱ्या खेपेला मावशींची झडप खालून सुटली, घासणे बंद झाले. चौथ्या खेपेला वरची फट मिटली आणि कडी आपल्या खाचेत गेली. तो आवाज ऐकून मावशी म्हणाल्या, “पुन्हा लाव.” पुन्हा लावली. “आता मला लावू दे.” त्यांनी पाच-सहा वेळा उघडली आणि लावली. भाच्याने सांगितले, की पाहिजे त्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर वरच ठेवा, भाराने ती आपोआप बसते. मग उरलेल्या जागी सैलसर चिपा, नुसत्या काच खडखडू नये म्हणून. आणि बीडिंग उलट क्रमाने: आधी आखूड, मग लांब, लांब पट्टीची दोन टोके आधी बसवून मधला फुगवटा रबरी हातोडीने किंवा कापड गुंडाळलेल्या मुठीने दाबायचा.

सकाळी दहाला सुरू केले, साडेबाराला भात टाकायला मी घरी होते. मावशी बुधवारच्या गाडीने भिलाईला गेल्या. शुक्रवारी नात झाली.

आता काही गोष्टी, ज्या विसरून चालणार नाहीत. चिपा प्लास्टिकच्याच हव्यात. लाकडाची चीप पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. पुठ्ठा भिजून लगदा होतो. लोखंडाची कड काचेला तडा देते. चीप काचेच्या पूर्ण जाडीखाली यावी, दुहेरी काच असेल तर दोन्ही काचांखाली. चौकटीच्या तळाशी पाणी जाण्याची बारीक भोके असतात. ती चिपेने बुजवू नका, नाहीतर आषाढात खिडकीत तळे साचेल. चीप ठोकून घालू नका, काच दगड नव्हे. काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असेल तर ती कडक केलेली काच. ती फुटली तर खड्यांसारखी फुटते आणि ती कापता येत नाही. साधी काच फुटली तर सुऱ्या होतात. थंडीच्या पहाटे हे काम करू नका, गारठ्यात बीडिंग मोडते. ऊन वर येऊ द्या. आणि वरच्या मजल्यावरची खिडकी, किंवा दोघींना न पेलणारी दुहेरी काच, ही जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. मात्र त्याच्याजवळ उभे राहा, आणि “आधी बीडिंग काढून काचेखाली पाहा” एवढे म्हणा. एवढे वाक्य ऐकले की किंमत सांगण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

सरकत्या खिडक्यांना हे लागू नाही. त्यांचा भार खालच्या चाकांवर असतो, तेथे चाके आणि रुळाचा कचरा पाहावा. न्हाणीघराची वरून उघडणारी झडप असते तिचाही हिशेब वेगळा. पण बाजूच्या बिजागरीचे दार असेल, काचेचे असो की पत्र्यासारख्या प्लास्टिकच्या फळीचे, तर नियम हाच, किंबहुना दाराला तो अधिकच लागू, कारण ते दिवसातून पन्नास वेळा उघडते.

मागे बसलेल्या एका भगिनीने मघाशी हळूच विचारले, की एवढे सगळे बायकांनी कशाला शिकायचे, घरात पुरुषमाणसे आहेत. असतीलही. आमच्या मावशींकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या पुरुषमाणसांनाही हे ठाऊक नाही, असे मी तीन घरांत पाहून आले आहे. तेव्हा ज्याला येईल त्याने करावे. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बाईला नऊ किलोंची काच केसभर उचलणे जड नाही.

भाच्याने जाताना सगळ्या जाडीच्या चिपा, दोन बोथट पट्ट्या आणि एक रबरी हातोडी ठेवून दिली आहे. ती पेटी आता मंडळाच्या कपाटात, शिवणयंत्राच्या खणाखाली आहे. नेणाऱ्या बाईने वहीत नाव आणि तारीख लिहावी, आणि वापरलेल्या चिपांचे पैसे डब्यात टाकावेत. आपल्या या सभागृहाच्या उत्तरेकडील दुसरी खिडकी खाली घासते आहे, हे येताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच असेल. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती उघडायची आहे. चौघी-पाच जणींनी यावे, मोजे घरून आणावेत, आणि मावशी, तुम्ही काच धरायला या.